टेलरकाकांच्या वहीतलं माप

पुणे, ९ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, यंदा लक्ष्मीपूजनाला तुम्ही घातलेला सदरा रेडिमेड होता. बाह्या मनगटाखाली येत होत्या आणि डाव्या खांद्यावर कापड गोळा झालं होतं. तुमचा डावा खांदा उतरता आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं आमच्यापैकी कुणाला ते दिसलंच नाही, कारण टेलरकाका त्या बाजूला बेतानं कमी करून शिवत होते.

आईला विचारलं तर ती म्हणाली, "काकांकडं जाणं बंद झालंय त्यांचं." कधीपासून? "लोकसभेपासून."

तेव्हा मी काही बोलले नाही. सण होता, घर भरलेलं होतं. पण पुण्यात आल्यापासून रोज रात्री तो खांदा डोळ्यांसमोर येतो. फोनवर तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणून मोकळे होता, म्हणून लिहितेय.

३० ऑक्टोबर २०२३ ची रात्र आठवते? मराठा आरक्षणाच्या आंदोलनात माजलगावात आणि बीडमध्ये जाळपोळ झाली, मग संचारबंदी, नेट बंद. मी तुम्हाला पाठवलेला मेसेज एकाच टिकवर अडकून राहिला. तुमचा फोन लागेना, आईचा लागेना. मी खोलीत येरझाऱ्या घालत होते. अकराच्या सुमारास टेलरकाकांचा साधा फोन आला. "बाई, गुरुजी माझ्याकडंच बसलेत. चहा पिऊ लागलेत. तू झोप." त्या रात्री मला झोप लागली ती त्या एका वाक्यावर. तेव्हाही तुम्ही मराठा होता आणि ते ओबीसी होते. जिल्हा पेटलेला होता, आणि तुम्ही दोघं एका बाकड्यावर चहा पीत होता.

मग २०२४ चा जून आला. आपल्या मतदारसंघाचा निकाल अवघ्या साडेसहा हजार मतांनी लागला आणि किराणा कुणाकडून घ्यायचा, दाढी कुणाकडं करायची, हे गावागावांत जात बघून ठरायला लागलं. काकांच्या दुकानावर तुमच्या दोघांत काय बोलणं झालं, ते मला ठाऊक नाही. आईही सांगत नाही. ते उकरायचंही नाही मला.

आरक्षणाबद्दलचं तुमचं म्हणणं तुम्ही सोडावं, असं मी म्हणत नाही. धाकट्याची चार वर्षं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात गेलेली मी जवळून पाहिली आहेत. २ सप्टेंबरला मराठ्यांना कुणबी दाखल्याची वाट देणारा हैदराबाद गॅझेटचा जीआर निघाला, तेव्हा तुमचा आवाज कसा भरून आला होता, तेही विसरले नाही. पण त्याच आठवड्यात काकांच्या घरात काय झालं असेल? त्यांचा नातू पोलीस भरतीसाठी पहाटे पाचला रस्त्यावर धावतो. आपल्या ताटातलं जाईल, ही भीती त्यांनाही आहे. जागा मूठभर आणि पोरं गावभर, हे दोन्ही घरांत सारखंच आहे. ज्यांना सभेत टाळ्या हव्या आहेत ते हे बोलणार नाहीत. तुम्ही दोघं बोलू शकत होता.

बाबा, दिवाळीत तुमचं बीपी १६० वर १०० होतं. गोळी वेळेवर चालू असताना. डॉक्टरांनी मीठ विचारलं, झोप विचारली. टीव्ही कुणी विचारला नाही. सकाळी सातला लागतो तो रात्री दहाच्या चर्चेपर्यंत. पडद्यावर कुणी ओरडलं तरी शरीर ते संकटच धरतं. छाती धडधडते, रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो. पळून जायला किंवा लढायला ते बळ असतं, आणि तुम्ही खुर्चीत बसलेले असता. मग ते बळ जातं कुठं? रात्री दोनला तुम्ही अंगणात फेऱ्या मारता, ते मी खिडकीतून पाहिलंय.

आणि आईचं जेवण अर्ध्यावर आलंय. चर्चा सुरू झाली की ती ताट घेऊन मागच्या दारी जाते. तुमचं लक्ष नसतं.

मी यातून सुटले आहे असं नाही. मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येचे फोटो मार्चमध्ये सगळीकडे फिरले, तेव्हा मी ते नको नको म्हणत पाहिले आणि आठवडाभर घास उतरला नाही. ऑफिसात कुणी "तू बीडची ना?" म्हटलं की पुढचा प्रश्न आडनावाचा असणार, म्हणून पोटात गोळा यायचा. शेवटी एका रात्री १४४१६ वर फोन केला. टेलिमानस म्हणतात, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीबेरात्री लागतो, मराठीत बोलतात. पलीकडच्या बाईंनी आधी एवढंच विचारलं, "आज जेवलात का?" मला रडूच आलं. नंतर अर्धा तास त्या ऐकत होत्या. आता बातम्या मी सकाळी पेपरात वाचते, एकदाच. गावाच्या दोन्ही ग्रुपांचा आवाज बंद केलाय. तरीसुद्धा काही रात्री वाईट जातात. पण सगळ्या नाही.

हा नंबर मी आईच्या फोनमध्ये टाकून ठेवलाय. तुम्हाला लाज वाटेल म्हणून तुमच्या फोनमध्ये टाकला नाही. बाबा, त्यात लाज नाही हो.

यंदा आपल्या जिल्ह्यात पोलिसांच्या छातीवरच्या पट्टीवरून आडनावं काढावी लागली. ती बातमी वाचली तेव्हा मला चौथीच्या वर्गातला तुमचा हजेरीपट आठवला. तुम्ही नुसती पहिली नावं घ्यायचात. एका नावाची दोन पोरं असली तर "मोठा" आणि "धाकटा" म्हणायचात. भगवानगड आणि नारायणगड यांची गोष्टही तुम्हीच सांगितली होती, की भगवानबाबा आधी नारायणगडावर माणिकबाबांच्या पायाशी होते. आता एक गड मराठ्यांचा आणि एक ओबीसींचा, असं लोक सरळ बोलतात, आणि ज्यांना ती गोष्ट ठाऊक आहे ते गप्प बसतात. तुम्हीही.

२ डिसेंबरला नगरपालिकांचं मतदान आहे, त्यामागून जिल्हा परिषदेचं येईल. म्हणजे भोंगे पुन्हा चालू. तेवढे दिवस तरी संध्याकाळी सातनंतर टीव्ही नको. हरिपाठाला देवळात जा. काकाही तिथं असतात, दुसऱ्या खांबाशी. मला काकूंनी सांगितलं.

हो, मी काकूंना फोन करते. आणि आई, तू गिरणीवर दळणाच्या निमित्तानं त्यांना भेटतेस, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. आता चोरून भेटू नकोस. बाबांना सांगून जा.

पत्रासोबत सदऱ्याचं कापड पाठवतेय. अडीच मीटर, पांढरं, तुम्हाला आवडतं तसं सुती. तालुक्याला नेऊ नका. तिथल्या माणसाला तुमचा खांदा माहीत नाही. काकांच्या दुकानात जाऊन नुसतं मशीनशेजारी ठेवलंत तरी चालेल, बोलायला सुचलं नाही तर बोलू नका. माप द्यायची गरज पडणार नाही. ते त्यांच्या वहीत आहे.

संक्रांतीला येईन.

तुमची,
बाई