टीमवर्क काळोखात दिसतं

मा. संपादक,
स. न.

एकांकिका स्पर्धांचा मोसम आला की 'उत्तम टीमवर्क' हे शब्द बातम्यांत सर्रास येतात. हे टीमवर्क खरं तर दोन प्रवेशांमधल्या पंधरा-वीस सेकंदांच्या ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे रंगमंचावरच्या काळोखात, दिसतं, आणि फसतंही तिथेच.

नटांच्या तालमी महिनाभर चालतात. प्रकाश आणि संगीत 'ऑपरेट' करणारी मुलं मात्र शेवटच्या दोन दिवसांत येतात. मग नटाने ऐन वेळी वाक्य फिरवलं की क्यू, म्हणजे दिवा किंवा गाणं नेमकं कधी सोडायचं ती खूण, हरवतो, कारण ऑपरेटरला ते वाक्यच ठाऊक असतं, प्रसंग ठाऊक नसतो. म्हणून निदान शेवटच्या आठ तालमींना ऑपरेटर हजर हवा. संहितेच्या समासात क्यूंना क्रमांक द्यावेत आणि 'तयार' व 'सोड' हे दोन्ही इशारे विंगेतल्या (रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातल्या) एकाच माणसाने द्यावेत. दिग्दर्शकही मधूनच ओरडू लागला की दिवा एकाचं ऐकतो, गाणं दुसऱ्याचं.

नेपथ्य बदलाची तालीम वेगळी लागते. आधी उजेडात, मग दिवे घालवून, घड्याळ लावून. कोण कोणती लेव्हल (नेपथ्यातला लाकडी चौथरा) उचलणार, कोणत्या विंगेतून जाणार, हे नावानिशी ठरलेलं हवं. 'सगळे मिळून उचलू' म्हटलं की चौघे एका खुर्चीला धावतात आणि टेबल तिथेच राहतं. प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तूंच्या, टेबलावर प्रत्येक वस्तूची जागा खडूने आखली, तर हरवलेला चष्मा पडदा उघडण्याआधीच लक्षात येतो.

बहुतेक संघ वर्गात तालीम करतात. पुण्यात पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी भरत नाट्य मंदिरात उतरायचं असेल, तर तिथल्या रंगमंचाची रुंदी-खोली आणि विंगांच्या जागा वर्गाच्या फरशीवर आखून घ्याव्यात. नाहीतर नट स्पॉटच्या (दिव्याच्या झोताच्या) हातभर बाहेर उभा राहतो आणि दोष प्रकाशयोजनेच्या माथी येतो. बक्षीस अर्थातच अभिनयाला!

प्रयोगानंतर चुकांची उजळणी सगळ्यांसमोर, क्यूच्या क्रमांकाने करावी. 'सतरावा क्यू उशिरा पडला' असं म्हटलं की तो का पडला यावर बोलणं होतं. नाव घेतलं की भांडण.

निकालाच्या बातमीत विजेत्या संघाच्या प्रकाश, संगीत आणि रंगमंच व्यवस्थेतल्या मुलांची नावंही छापावीत, ही विनंती. दोन ओळींची जागा पुरेल.

आपले,
एकांकिकांची तांत्रिक बाजू सांभाळणारे काही रंगकर्मी, पुणे