अंडं नुसतं वाट पाहत नसतं

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत फलनावर आलेल्या लेखातल्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. कोट्यवधी शुक्राणूंच्या शर्यतीत जो पहिला पोहोचतो तो जिंकतो आणि अंडं त्याचं होतं, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. माझी आठवीतली नात ते मोठ्यानं वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "आजी, मग अंडं काहीच करत नाही?" मी एकतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. हाच प्रश्न मला एका विद्यार्थिनीनं १९८९ साली वर्गात विचारला होता, आणि तेव्हा मी तिला "नाही, ते वाट पाहतं" असं सांगितलं होतं. ते उत्तर चुकीचं होतं. त्याच वर्षीच्या सहलीत ते मला माझ्या डोळ्यांनी कळलं.

रत्नागिरीला मिऱ्याच्या खडकांत ओहोटीला आम्ही सी अर्चिन हे समुद्रातले काटेरी प्राणी शोधत होतो. काळपट जांभळे, लांब काट्यांचे गोळे. खडकाच्या खोबणीत असे घट्ट बसतात की हातानं निघत नाहीत. सात मिळाले. नर कोण, मादी कोण, हे बाहेरून समजत नाही. तोंडाभोवतीच्या मऊ पडद्यातून पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाचं इंजेक्शन दिलं, प्राणी हलकेच हलवला आणि बीकरवर पालथा धरला. दोघांनी शुक्राणूंची दुधासारखी पांढरी धार सोडली, एकीनं पिवळसर रवाळ अंडी. बाकीच्या चौघांनी काहीच दिलं नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली अंडी एकमेकांपासून सारखं अंतर राखून होती. मध्ये काही तरी असल्याशिवाय ती अशी राहतील कशी? आमच्या प्रयोगशाळा साहाय्यकांनी चित्रकलेच्या काळ्या शाईचा एक थेंब पाण्यात सोडला. शाईचे कण अंड्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. प्रत्येक अंड्याभोवती स्वच्छ, रुंद कडं उमटलं. हा जेलीचा थर. पाण्यासारखाच पारदर्शक, म्हणून शाईशिवाय दिसत नाही, आणि बहुतेक आकृत्यांत कुणी काढतही नाही.

खरी गोष्ट त्या जेलीपासून सुरू होते. सी अर्चिन अंडी आणि शुक्राणू उघड्या समुद्रात सोडतो. त्याच पाण्यात दुसऱ्या जातींचंही सोडलेलं असतं. तेव्हा पोहोचण्याइतकाच, ओळख पटण्याचा प्रश्न असतो. जेलीतून लहान पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, पाण्यात मिसळतात. अटलांटिकच्या आर्बेशिया जातीत हे पेप्टाइड चौदा अमिनो आम्लांचं आहे, कॅलिफोर्नियाच्या जांभळ्या सी अर्चिनमध्ये दहांचं. आर्बेशियाच्या शुक्राणूला त्याचा सुगावा लागला की शेपटीत कॅल्शियम शिरतं, तो वळण घेतो आणि अंड्याच्या दिशेनं येतो. एका जातीचं हे बोलावणं दुसरीच्या शुक्राणूला कळतच नाही.

जेलीला भिडल्यावर दुसरी ओळख. जेलीतल्या लांब शर्करासाखळ्या जातीजातीत वेगळ्या असतात. साखळी आपल्या जातीची असेल तर शुक्राणूच्या टोकाची पिशवी फुटते आणि आतून बोटासारखा एक धागा बाहेर येतो. त्या धाग्यावर बिंडिन नावाचं प्रथिन असतं. व्हिक्टर व्हॅकियर आणि गॅरी मॉय यांनी ते १९७७ मध्ये वेगळं काढलं. जांभळ्या सी अर्चिनचं बिंडिन जांभळ्याच्या अंड्यांना चिकटवून त्यांचे पुंजके करतं, त्याच किनाऱ्यावरच्या लाल सी अर्चिनच्या अंड्यांना मात्र फारसं धरत नाही. अंड्याच्या पृष्ठभागावर या बिंडिनला धरणारं प्रथिन असतं. धरणारा हात अंड्याचा आहे, हे आपल्या लेखात कुठंच नव्हतं.

आणि धरल्यानंतर अंडं काय करतं! शुक्राणू मिसळला की एक ते तीन सेकंदांत अंड्याच्या पडद्यावरचा विद्युतदाब उणे सत्तरच्या आसपासून अधिक वीस मिलिव्होल्टवर जातो. दाब असा पालटला की दुसरा शुक्राणू मिसळू शकत नाही. लॉरिंडा जॅफी यांनी १९७६ मध्ये हे दाखवून दिलं. पाठोपाठ कॅल्शियमची लाट अंडंभर पसरते, कातडीखालच्या हजारो बारीक पिशव्या फुटतात आणि एक पारदर्शक आवरण उचललं जातं. मिऱ्याच्या त्या सहलीत आम्ही हेच पाहिलं. अंड्याभोवती शुक्राणूंचं वळवळतं रिंगण होतं. एका बाजूनं कड सुटली, चंद्रकोरीसारखी फट पडली, ती दोन्हीकडून पुढं सरकत गेली आणि मिनिटभरात पूर्ण गोल झाली. बाकीचे शुक्राणू बाहेर ढकलले गेले. नळीला डोळा लावून बसलेली ती मुलगी, जिनं मला प्रश्न विचारला होता, नुसतं "बाई, उचललं!" एवढंच म्हणाली.

दुसरा शुक्राणू आत शिरला तर? थिओडोर बोव्हेरी यांनी १९०२ मध्ये सी अर्चिनच्या अशाच अंड्यांवरून दाखवलं की गुणसूत्रांची वाटणी तीन-चार टोकांत वेडीवाकडी होते आणि बहुतेक भ्रूण नीट वाढत नाहीत. म्हणजे ती तीन सेकंदांची घाई अंड्याच्या जिवाची असते.

इथं अर्नेस्ट एव्हरेट जस्ट यांचं नाव घ्यायलाच हवं. कृष्णवर्णीय अमेरिकन शास्त्रज्ञ, जन्म १८८३ चा. हॉवर्ड विद्यापीठात शिकवत आणि १९०९ पासून वीसएक उन्हाळे वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत अंडी पाहण्यात घालवले. सँड डॉलर हे सी अर्चिनचं चपटं भावंड. त्याच्या अंड्यात आवरण उचललं जाण्याआधीच शुक्राणू शिरल्या जागेपासून एक बदल पसरत जातो आणि अंडं दुसऱ्याला आत घेईनासं होतं, हे त्यांनी १९१९ मध्ये नोंदवलं. ना वीजमापन, ना आजची उपकरणं, फक्त डोळा आणि सबुरी. पेशीचा पृष्ठभाग हा निर्जीव पापुद्रा नसून तो काम करतो, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. वर्णामुळं अमेरिकेतल्या मोठ्या संशोधन विद्यापीठांत त्यांना जागा मिळाली नाही, अखेरची बरीच वर्षं त्यांनी युरोपात काम केलं. आमच्या अभ्यासक्रमात त्यांचं नाव कधी आलं नाही, याची मला आजही चुटपुट आहे.

माणसात बिंडिन नाही, हे मला ठाऊक आहे. पण ओळख तिथंही लागते. शुक्राणूवरचं इझुमो हे प्रथिन जपानात २००५ मध्ये सापडलं, त्याला विवाहाशी नातं असलेल्या देवस्थानाचं नाव दिलं. त्याला धरणारं अंड्यावरचं जुनो २०१४ मध्ये सापडलं. दोहोंपैकी कोणतंही एक नसेल तर मीलनच होत नाही.

म्हणून विनंती अशी की येत्या रविवारी त्या वाक्याची दुरुस्ती छापावी. मुलांना 'शर्यत' आणि 'विजेता' हे शब्द पटकन समजतात, हे मान्य. पण 'ओळख पटणं' हा शब्दही प्रत्येक घरात रोज बोलला जातो. आणि लेखासोबतची आकृती पुन्हा वापराल तेव्हा अंड्याभोवती जेलीचा थर काढावा. चित्रकाराला तो कसा दिसतो हे पाहायचं असेल, तर काळ्या शाईच्या त्या अंड्यांचं मी तेव्हा पेन्सिलीनं काढलेलं चित्र माझ्या वहीत आहे. ते पाठवून देईन.

आपली,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका, रत्नागिरी