खाल्ल्या मिठाला जागून

कै. डॉ. दिलीप महालनबीस यांस,
सादर प्रणाम.

जुलाब लागले की 'जलसंजीवनीची पुडी आणा' असं आता घराघरांत म्हणतात. ते इतकं अंगवळणी पडलंय, की त्यामागे तुम्ही होतात हे फारसं कुणाला ठाऊक नाही.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या रुग्णालयात माणसं जमिनीवर पडलेली आणि सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असं तोलून तुम्ही पिशव्या भरून घेतल्यात, पिंपांत पाणी कालवलंत आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलंत. आधी शंभरातली तीसेक माणसं दगावत होती. तुमच्याकडे ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. ग्लुकोज सोबत असलं की आतडं मीठ ओढून घेतं आणि मिठामागून पाणी जातं, हे आधीच सिद्ध झालं होतं. न शिकलेल्या हातांवर ते सोपवण्याचं धाडस मात्र तुमचं. आभार आहेत ते त्यासाठी.

आजची लिटरभर पाण्यात कालवायची पुडी २०.५ ग्रॅमची: ग्लुकोज १३.५, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सोडियम सायट्रेट २.९. सोडा गेला, कारण दमट हवेत ती पुडी लवकर बिघडायची. पण तुम्ही तोलून दिलेलं आम्ही अंदाजपंचे करून ठेवतो, हेही कबूल करायला हवं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे लिटरची पुडी पेलाभर पाण्यात ओतणं. त्याने मीठ पाचपट होतं. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या, हेही नको. सगळी पूड दोन्ही वेळा सारखी मिसळलेली असेलच असं नाही. (२०० मिलिलिटरची छोटी पुडीही मिळते, म्हणून आधी पाठीमागचं वाचावं.) कुणी 'ताकद येईल' म्हणून वर साखर घालतं. जादा साखर आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. कोलाचं तेच: लिटरला शंभरेक ग्रॅम साखर, मीठ जवळजवळ नाहीच. मधुमेही माणसं साखरेच्या धास्तीने पुडीच टाळतात, तेही चूक. त्यातलं ग्लुकोज मीठ आत नेण्यापुरतंच असतं.

पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सहा सपाट छोटे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा ५ मिलिलिटरचा हवा, शीग नको. सुरीने वरून सपाट करावा. चव घ्यावी, डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून द्यावं. कालवलेलं २४ तासांत संपवावं.

मोठ्या माणसाला दर जुलाबामागे २०० ते ४०० मिलिलिटर, एका दमात नव्हे, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू. जुलाब लगेच थांबत नाहीत, म्हणून लोक पुडी सोडून देतात. तिचं काम गेलेलं पाणी भरून काढण्याचं आहे. मऊ भात, पेज, वरण चालू ठेवावं. शौचात रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, गुंगी, किंवा काहीच पोटात टिकत नाही असं झालं की पुडीवर विसंबू नये, तडक दवाखाना गाठावा. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

ऑक्टोबर २०२२मध्ये तुम्ही गेलात; पद्मविभूषण जाहीर झालं ते पुढल्या जानेवारीत. पुडी मात्र औषधाच्या दुकानात आजही थोडक्या पैशांत मिळते.

आपले ऋणाइत,
घरोघरी लिटर मोजून पुडी कालवणारे