ट्रेनरला अर्धीच ओळ?

महोदय,

डर्बी या घोड्यांच्या शर्यतीच्या बातमीत घोडा नि जॉकी (स्वार) ठळक छापता, घोडा तयार करणाऱ्या ट्रेनरला जेमतेम अर्धी ओळ. मी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर 22 वर्षं सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, होतो, आता मुरूडला घरी असतो. आमचे ट्रेनर साहेब पहाटे चारला तबेल्यात यायचे. आधी गव्हाणीत दाणा उरलाय का बघायचे, मग उकिडवे बसून प्रत्येक पायाच्या नळीवरून हात फिरवायचे. जराशी गरम लागली, म्हणजे दुखापतीची शंका आली, की सराव बंद, मालक कितीही रागावोत. 2400 मीटरची ती शर्यत अडीच मिनिटांत संपते. घोडा मात्र दोन वर्षांचा असल्यापासून त्यांच्या हाताखाली असतो. पेसी श्रॉफ जॉकी म्हणून गाजले, पुढे ट्रेनर झाले. त्यांच्या या दुसऱ्या कारकिर्दीवर एक सविस्तर लेख छापाच.

– एक निवृत्त सईस, मुरूड-जंजिरा (रायगड)