पुडी नको, मैदानाचा तास द्या

संपादक महोदय,

साताऱ्यात गेली 22 वर्षे मी चष्म्याचे दुकान चालवतो. गेल्या आठवड्यात तिसरीतला एक मुलगा आईबरोबर आला. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून वही शेजाऱ्याची बघून लिहितो, अशी बाईंची तक्रार होती. नंबर काढला तर दोन्ही डोळ्यांना मायनस दीड. आईने पर्समधून ड जीवनसत्त्वाची 60 हजार युनिटची पुडी काढून काउंटरवर ठेवली आणि विचारले, "दादा, ही दर आठवड्याला दिली तर नंबर उतरेल ना? आमच्या सोसायटीत सगळे देतात."

हा प्रश्न आता मला महिन्यातून चार-पाच वेळा ऐकावा लागतो, म्हणून हे पत्र.

ज्या मुलांना चष्मा लागतो त्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी सापडते, हे काही पाहण्यांत दिसले आहे. पण त्याचे सरळ कारण म्हणजे ही मुले घरात जास्त असतात. ऊन कमी मिळते म्हणून 'ड' कमी, आणि बाहेरचा उजेड कमी मिळतो म्हणून नंबर. प्रखर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचे रसायन जास्त तयार होते आणि डोळ्याचा गोळा लांबत जाण्याला, म्हणजेच मायनस नंबर लागण्याला, त्यामुळे आळा बसतो, असे शास्त्रज्ञ मानतात. कोंबडीच्या पिल्लांवर अतिनील किरण नसलेल्या दिव्यांचा प्रखर उजेड सोडला, तरी हा परिणाम दिसला. त्या उजेडाने 'ड' तयार होत नाही. वर्गात उजेड 300 ते 500 लक्स (उजेड मोजण्याचे एकक) असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही तो काही हजारांवर जातो. म्हणजे मुलांना भर उन्हात तापवायचीही गरज नाही.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात 12 प्राथमिक शाळांत हे करून पाहिले गेले. सहा शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटांचा जादा तास मैदानावर दिला. तीन वर्षांनी त्या शाळांत 30.4 टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, बाकीच्या शाळांत 39.5 टक्के मुलांना. लागलेला नंबर मैदानाने उतरत नाही, हेही त्या आईला सांगावे लागले. पण तिची धाकटी पहिलीत आहे आणि तिला अजून चष्मा नाही.

आजी-आजोबांबद्दलही थोडे. अमेरिकेत 25 हजारांहून अधिक लोकांवर पाच वर्षे झालेल्या 'व्हायटल' चाचणीत रोज 2000 युनिट 'ड' घेऊनही वयोमानाने होणारे मॅक्युलर डिजनरेशन, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजण्याचा आजार, टळले नाही. आणि रातांधळेपणा हा 'अ' च्या कमतरतेचा आजार. अंगणवाडीत डोस पाजतात तो 'अ' चा. ही गल्लत सुशिक्षित घरांतही होते.

'ड' ची खरी कमतरता असेल, हाडे दुखत असतील, मुडदुसाची शंका असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेला डोस जरूर घ्यावा. पण सोसायटीतल्या ऐकीव माहितीवर मुलांना पुड्या पाजू नयेत. 'ड' प्रमाणाबाहेर गेले की रक्तात कॅल्शियम वाढते, मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि ते कॅल्शियम पांढुरक्या पट्ट्यासारखे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलावर साचू शकते. डोळ्यासाठी म्हणून घेतलेले औषध डोळ्यावरच येते.

त्या मुलाला मी विचारले, मधल्या सुट्टीत काय खेळतोस? म्हणाला, "खाली सोडत नाहीत. डबा बाकावरच खायचा." पी.टी.चा तास आठवड्यातून एकदा, तोही परीक्षा जवळ आली की गणिताला जातो. शाळेला मोठे मैदान आहे, मी स्वतः पाहिले आहे.

शिक्षण विभागाने प्राथमिक वर्गांसाठी रोज 40 मिनिटे मैदानावर सक्तीची करावीत. एप्रिलमध्ये सकाळी लवकर घ्या, पावसाळ्यात उघडीप मिळेल तशी घ्या. ढगाळ दिवसाचा उजेडही वर्गापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मी याच मजकुराचे पत्र दिले आहे आणि धाकटीच्या वर्गापासून सुरुवात करा, अशी विनंती केली आहे.

— एक चष्मा व्यावसायिक, सातारा