आरोग्याचा पैसा माणशी किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अर्थसंकल्पात आरोग्यासाठी किती कोटी ठेवले, हे आपण दरवर्षी वाचतो. त्यातले आपल्या तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात माणशी किती रुपये पोहोचतात, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. हा प्रश्न वर्षानुवर्षे चिकाटीने लावून धरणाऱ्या रवी दुग्गल यांच्या कामाची आठवण करून द्यावी, म्हणून हे पत्र.

दुग्गल समाजशास्त्राचे अभ्यासक, डॉक्टर नव्हेत. मुंबईच्या ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’मध्ये असताना त्यांनी सुचेता अमीन यांच्यासह आपल्याच जळगाव जिल्ह्यातील कुटुंबांचा आजारपणावरचा खर्च मोजला, तो अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. आरोग्यखर्च म्हणजे सरकारी तिजोरीतला खर्च, अशीच तेव्हा बहुतेकांची समजूत होती. मी या जिल्ह्यात आरोग्यसेवक होतो. केंद्रात केसपेपर नाममात्र पैशांत निघे, पण औषधसाठा संपलेला असला की त्याच कागदाच्या पाठीवर सलाइन आणि इंजेक्शने लिहून नातेवाइकाला समोरच्या मेडिकलवर पिटाळले जाई. आम्ही बारा रजिस्टरे भरत होतो, त्यांपैकी एकातही या पैशाची नोंद नव्हती. ती नोंद घेण्यासाठी घरोघर जाऊन विचारावे लागते आणि दुग्गल यांनी नेमके तेच केले.

पुढे ‘सेहत’ या आरोग्यविषयक संशोधन संस्थेत आणि नंतर अर्थसंकल्पांच्या अभ्यासात त्यांनी हाच धागा धरला. लोकसंख्येच्या प्रमाणात ठरावीक रक्कम थेट आरोग्य केंद्राच्या हाती द्यावी, असा त्यांचा आग्रह राहिला. मला त्यात एक अडचण दिसते: डॉक्टरांची पदेच रिकामी असतील, तर ती रक्कम मार्चअखेर पडूनच राहील. तरीही हिशेब माणशी मांडला, की शहर आणि खेडे यांतली तफावत झाकता येत नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटते.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के करण्याचे ठरवले होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत, म्हणजे देशाच्या आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबात, तो १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम तेव्हाही लोकांच्या खिशातून जात होती. २०१३-१४ मध्ये हाच वाटा ६४.२ टक्के होता, म्हणजे घट मोठी आहे. पण ती खेड्यातल्या घरात कितपत जाणवते, हे पुन्हा घरोघर विचारल्याशिवाय कळणार नाही. तोवर आपल्या दैनिकाने निदान जिल्ह्याचा तालुकावार माणशी सरकारी आरोग्यखर्च मिळवून छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त आरोग्यसेवक, चोपडा (जि. जळगाव)