काका, तुम्ही ती नावं राहू दिलीत

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की 'अहो, त्यात काय एवढं' म्हणत तुम्ही विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र.

आमचा मित्र गेला आणि मागे कॅसेटींनी भरलेल्या पत्र्याच्या पेट्या राहिल्या. संबळ-तुणतुण्यावर रात्रभर चाललेले गोंधळ, वाघ्या-मुरळीची जागरणं आणि सगळ्यात जास्त जात्यावरच्या ओव्या. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, घरातलं दळण थांबलं आणि ओवी म्हणायला निमित्तच उरलं नाही. ज्यांना त्या पाठ आहेत त्या आज्यांना वेळेत गाठायचं, हा त्याचा ध्यास. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ या संशोधकांच्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या, हे तो भेटेल त्याला अभिमानाने सांगायचा आणि लगेच म्हणायचा, 'तरी आपल्याकडच्या कितीतरी राहिल्या असतील!' पगाराचा मोठा वाटा एसटीत आणि कोऱ्या कॅसेटींत जायचा.

त्या पेट्या घेऊन आम्ही आधी कुठे कुठे फिरलो! एका मोठ्या संस्थेत पहिला प्रश्न आला, 'यात कुणी नावाजलेलं आहे का?' दुसरीकडे पावसाळाभर ठेवून घेतल्या आणि परत दिल्या तेव्हा टेपांवर पांढरी बुरशी चढलेली. लोककला जगली पाहिजे म्हणून व्यासपीठावरून गहिवरणारी हीच माणसं. तो राग अजून जात नाही.

शेवटी पेट्या तुमच्याकडे आणल्या. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. एक कॅसेट उघडलीत, टेपमागची फेल्टची गादी निखळलेली पाहिलीत आणि नवी चिकटवायला बसलात. मग टेपरेकॉर्डरच्या हेडचा, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा, स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. घुसमटलेला आवाज एकदम मोकळा झाला.

पण मी हे पत्र लिहितोय ते त्यासाठी नाही. प्रत्येक गाण्याआधी आमच्या मित्राचं बोलणं आहे. 'आजी, नाव सांगा. माहेर कुठलं? ही ओवी कुणाकडून शिकलात?' एक आजी लाजून म्हणते, 'माझं नाव कशाला रं घालतूस?' तो म्हणतो, 'गाणं तुमचं, मग नाव कुणाचं घालू?' आमच्याबरोबर आलेले एक जण म्हणाले, 'हे बोलणं कापा, नुसती गाणी ठेवा.' तुम्ही हेडफोन काढलात. 'हे नाही कापायचं. बाईचं नाव इथंच आहे.' आणि वही ओढून ते नाव लिहून घेतलंत. गाव, माहेर, शिकवणारी आई, सगळं.

'पारंपरिक' एवढा शिक्का मारला की गाणारी बाई पुसली जाते. आमचा मित्र जन्मभर याच गोष्टीसाठी भांडला. त्याला तुम्ही कधी पाहिलंही नव्हतं, तरी त्याची बाजू तुम्ही घेतलीत. जाण असलेली माणसं अशीच असतात, काका. त्यांना पद लागत नाही आणि सत्काराची शालही लागत नाही.

वहिनींनी ते ऐकलं. आधी रडल्या, मग म्हणाल्या, 'परत लावा.'

आता तुमच्या वहीवरूनच एकेक घर शोधून प्रती पोचवतो आहोत. काही आज्या गेल्या; लेकी-सुनांच्या हातात देतो. नवरात्रात वहिनींकडे गोंधळ आहे. काकूंना घेऊन यायचंच, आणि त्या रात्री तरी रेकॉर्डिंगला न बसता आमच्यात बसायचं.

तुमचा ऋणी,
त्याचा एक मित्र